घरच्या टीव्हीसाठी स्वस्त मिनी पीसी : निवडीपासून जोडणीपर्यंतच्या नोंदी

१३ जुलै २०२४, शनिवार. डोंबिवली

मशीन बघण्याआधी फाइली बघायला बसले. घरात दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहेत आणि त्यांत गेल्या कित्येक वर्षांचं काय काय साठलंय ते कुणालाच धड माहीत नाही. लॅपटॉपवर मीडियाइन्फो (फाइलीच्या आत काय आहे ते सांगणारं सॉफ्टवेअर) टाकलं, प्रत्येक फोल्डरमधल्या दोन-तीन फाइली उघडल्या आणि कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत), बिट डेप्थ (रंगांच्या छटा किती बारीक), फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) वहीत उतरवून घेतले. मिनी पीसी घेणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हेच राहील: किंमत आणि प्रोसेसर नंतर, आधी ही वही.

सगळ्यात जड निघाले माझे ट्रेकचे व्हिडिओ. ॲक्शन कॅमेऱ्याचे, ४के, सेकंदाला ६० फ्रेम, कोडेक एचईव्हीसी, १०-बिट, बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) १०० एमबीपीएसच्या आसपास. भावाने आयफोनवर काढलेले पुतणीचे व्हिडिओ पण एचईव्हीसी १०-बिट, आणि एचडीआर, म्हणजे उजेड-सावलीचा पल्ला मोठा असलेले. मग ब्लू-रे आणि डीव्हीडीच्या कॉपी. सिनेमे बहुतेक २३.९७६ फ्रेमचे, काहींचा आवाज डीटीएस, काहींचा ट्रूएचडी (दोन्ही सराउंड आवाजाचे प्रकार). आणि शेवटी आईबाबांचा ठेवा: घरातल्या लग्नामुंजींच्या व्हीसीडी आणि डीव्हीडी, म्हणजे एमपेग-१ आणि एमपेग-२.

आजवर टीव्हीच्या यूएसबीला डिस्क लावून भागवत होतो. टीव्ही ५५ इंची, ४के, एचडीआर१० चालवणारा. पण ट्रेकचा व्हिडिओ त्यावर दर थोड्या वेळाने अडखळतो, डीटीएस आवाजाची फाइल मुकी चालते आणि व्हीसीडीतली डॅट फाइल त्याला व्हिडिओ म्हणून ओळखूच येत नाही.

बजेट: मशीनला १५ हजार, वरच्या किरकोळ सामानाला दोन हजार.

एक गोष्ट आजच बाजूला काढली. नेटफ्लिक्स, प्राइम वगैरे या मशीनवर बघायचे नाहीत. त्यांचं ४के मिळायला त्यांनी मान्य केलेलं हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर लागतं. लिनक्सच्या ब्राउझरमध्ये ते मिळत नाही. टीव्हीतली ॲप ते काम चांगलं करतात, यूट्यूबसुद्धा. मिनी पीसी फक्त स्वतःच्या फाइलींसाठी. ही सरमिसळ न केल्यामुळे निवड खूप सोपी झाली.

१४ जुलै, रविवार

दिवसभर स्पेसिफिकेशन वाचली. कामाचं तेवढंच लिहिते.

व्हिडिओ चालवताना प्रोसेसर किती वेगवान आहे याला फारसं महत्त्व नाही. त्याच्या ग्राफिक्स भागात त्या कोडेकसाठी तयार सर्किट आहे का, हे बघायचं. इंटेलच्या सहाव्या पिढीत एचईव्हीसी ८-बिटचं सर्किट आहे, १०-बिटचं पूर्ण नाही. सातव्या पिढीपासून एचईव्हीसी १०-बिट आणि व्हीपी९ (आणखी एक कोडेक) १०-बिट दोन्ही हार्डवेअरवर चालतात. इंटेलच्याच स्वस्त मालिकेतले प्रोसेसर जे४१२५ आणि एन५१०५ हेही तेवढंच करतात. एव्ही१ हा नवा कोडेक त्यांना येत नाही. २०२३ मध्ये आलेल्या एन१०० ला एव्ही१ही येतं.

दुसरी अडचण पोर्टची. सहाव्या-सातव्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्समधून थेट निघणारा एचडीएमआय १.४ असतो. म्हणजे ४के फक्त ३० हर्ट्झवर, सेकंदाला ३० फ्रेम. कंपनीने बोर्डवर वेगळी चिप बसवली असेल तरच त्या पोर्टवर ६० मिळतात. माझे व्हिडिओ ६० फ्रेमचे, त्यामुळे हा मुद्दा मला सोडता येणार नाही. ज्यांच्याकडे फक्त २४ फ्रेमचे सिनेमे आहेत त्यांचं १.४ वरही भागेल.

चाचणीसाठी एक क्लिप निवडून ठेवली: नाणेघाटातला उलटा धबधबा, पावसाळ्यात वाऱ्याने वर उडणारं पाणी. पूर्ण फ्रेमभर बारीक तुषार उडत असतात, त्यामुळे कॉम्प्रेशनवरही ताण येतो आणि एखादी फ्रेम गळली तरी डोळ्याला लगेच जाणवते. तुमच्याकडच्या फाइलींतली अशीच सगळ्यात वाईट फाइल निवडा. नेटवरच्या डेमो क्लिपवर सगळंच छान चालतं.

२० जुलै, शनिवार

लॅमिंग्टन रोड. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले. जुन्या ऑफिसमधून निघालेले छोटे डेस्कटॉप तिथे भरपूर मिळतात: डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचे थिंकसेंटर टायनी, एचपीचे एलिटडेस्क मिनी. बांधणी दणकट, आत साफसफाई करायला सोपे, आणि ८ ते ११ हजारांत रॅम-एसएसडीसकट.

सोबत दोन पेन ड्राइव्ह नेल्या होत्या. एकीवर लिब्रेइलेक, म्हणजे कोडी (टीव्हीवर स्वतःच्या फाइली लावायचं सॉफ्टवेअर) चालवण्यापुरतीच बनवलेली छोटी लिनक्स. ती इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच चालते. दुसरीवर नाणेघाट आणि इतर नमुने. दुकानदाराला आधीच विचारलं, की मशीनला हात न लावता पेन ड्राइव्हवरून चालवून बघू का. पहिल्याने सरळ नाही म्हटलं. दुसऱ्याने स्टूल पुढे केलं.

त्याने काढून दिलं ते सहाव्या पिढीचं आय-फाइव्ह. "ताई, आय-फाइव्ह आहे, फोरके बिनधास्त चालेल." नाणेघाट लावला. कोडीत व्हिडिओ चालू असताना कीबोर्डवर 'ओ' दाबलं की कोपऱ्यात माहिती येते: डीकोडरच्या (व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाच्या) नावापुढे हार्डवेअरची खूण आहे की नाही, प्रोसेसरवर किती लोड आहे. डीबगची वेगळी माहिती उघडली की फ्रेम किती गळल्या तेही दिसतं. इथे हार्डवेअरची खूण नव्हती, चारही कोर शंभरला टेकलेले आणि गळलेल्या फ्रेमचा आकडा भराभर चढत होता. पाण्याचे तुषार जागच्या जागी थिजून पुढे उडी मारत होते. दुकानदाराने स्वतः वाकून बघितलं आणि शेजारच्या गाळ्यातून सातव्या पिढीचं, आय-फाइव्ह ७५००टी असलेलं मशीन मागवलं.

तीच क्लिप, तेच मॉनिटर. हार्डवेअरची खूण आली, प्रोसेसरवर लोड जेमतेम, एक फ्रेम गळली नाही. दोन्ही मशीनच्या किमतीत फरक फक्त दीड हजाराचा. दोन्हींवर बाहेरून आय-फाइव्हचाच स्टिकर आहे, त्यामुळे पिढी विचारल्याशिवाय, किंबहुना स्वतः सिस्टिममध्ये बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

तरी आज घेतलं नाही. दुकानातला मॉनिटर फुल एचडी होता, त्यावर डीकोडिंग तपासता आलं पण पोर्ट ४के ६० देतो का ते कळलं नाही.

२८ जुलै, रविवार

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याकडे त्याच सातव्या पिढीचं मशीन आहे. शनिवार-रविवारपुरतं उसनं आणलं.

एचडीएमआयने टीव्हीला जोडलं. कोडीच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ४केसाठी सगळ्यात वरचा आकडा ३०. शंका होती तेच झालं. नाणेघाट चालतो, फ्रेम डीकोडही नीट होतात, पण टीव्हीपर्यंत निम्म्याच पोचतात. कॅमेरा वळला की कड्याची कड थरथरते.

याच मशीनला डिस्प्लेपोर्ट १.२ (स्क्रीन जोडायचा दुसऱ्या प्रकारचा पोर्ट) आहे आणि त्यातून ४के ६० निघतं. म्हणून डिस्प्लेपोर्टचं एचडीएमआय २.० करणारा ॲक्टिव्ह ॲडॉप्टर १,४०० रुपयांना आणला. पॅसिव्ह ॲडॉप्टर २०० रुपयांत मिळतो, त्याने हे काम होत नाही. घेताना पाकिटावर ॲक्टिव्ह आणि ४के ६० हर्ट्झ दोन्ही वाचा. तो लावल्यावर ६० हर्ट्झ आले आणि नाणेघाट पहिल्यांदा टीव्हीवर कॅमेऱ्यात घेतला तसा दिसला.

मग पुतणीचे आयफोनचे व्हिडिओ. टीव्हीवर एचडीआरची खूणच उमटली नाही, रंग फिके, चेहरे धुरकट. कारण शोधायला वेळ गेला. एचडीआरची माहिती टीव्हीपर्यंत नेण्याची सोय डिस्प्लेपोर्टमध्ये १.४ पासून आली; १.२ मध्ये ती नाही. म्हणजे एचडीएमआयने ६० फ्रेम नाहीत आणि डिस्प्लेपोर्टने एचडीआर नाही. दोन्ही हवं असेल तर सातव्या पिढीवर मार्ग बंद.

ज्यांच्याकडे एचडीआर टीव्ही किंवा एचडीआर फाइली नाहीत त्यांनी मात्र हे मशीन डोळे मिटून घ्यावं. ९-१० हजारांत एवढं टिकाऊ काही मिळत नाही. सहकाऱ्याला ॲडॉप्टर आवडला, त्याने तो घेतलेल्या किमतीत ठेवून घेतला.

३ ऑगस्ट, शनिवार

रास्पबेरी पाय ५ चा हिशेब केला. एचईव्हीसी ४के ६० चं सर्किट त्यात आहे, एचडीआर चालतं, आणि टीव्हीच्याच रिमोटने चालवायची सीईसी सोयही आहे, जी मिनी पीसींमध्ये सहसा नसते. व्हीपी९ आणि एव्ही१ ला सर्किट नाही. एच.२६४ चंही नाही, पण फुल एचडीपर्यंतचं ते काम त्याचा प्रोसेसर सहज करतो. बोर्डाची किंमत बघून स्वस्त वाटतं. त्यावर पॉवर सप्लाय, पंख्याची केस, कार्ड, मायक्रो एचडीएमआयची केबल धरली तर माझा आकडा ११ हजारांच्या पुढे गेला. डिस्क बाहेरच लोंबकळत राहणार ती वेगळी.

फाइली फक्त एचईव्हीसीच्या असतील तर पाय उत्तम आहे, त्यात शंका नाही. मला पुढे येणाऱ्या एव्ही१ फाइली पण चालायला हव्यात आणि डिस्क आतच बसायला हवी. तीन-साडेतीन हजारांच्या फरकात ते मिळत असेल तर एन१००.

डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्या प्रकाराबद्दलही आज निकाल लावला. इंटेलच्या मिनी पीसीवर लिब्रेइलेकमधून डॉल्बी व्हिजन निघत नाही. बऱ्याच फाइलींत त्याखाली एचडीआर१० किंवा एचएलजी या साध्या एचडीआरचा थर असतो, त्या तेवढ्यावर नीट दिसतात. आयफोनच्या फाइलींत एचएलजी असतो. फक्त डॉल्बी व्हिजनच्या प्रोफाइल ५ प्रकारच्या फाइलीत असा थर नसतो, ती हिरवी-जांभळी दिसते. माझ्याकडे अशी एकही नाही, वहीत बघून खात्री केली.

८ ऑगस्ट, गुरुवार

ऑर्डर दिली. एन१००, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, १४,८०० रुपये. १६ जीबीवालं अडीच हजारांनी महाग होतं. कोडीला ८ पण जास्तच होतात.

एन१०० असं लिहिलेली मशीनं ढीगभर आहेत आणि आतला प्रोसेसर सगळ्यांत एकच, त्यामुळे निवड बाकीच्या गोष्टींवर केली. एचडीएमआयपुढे नुसतं ४के लिहिलंय की ४के ६० हर्ट्झ, हे पाहिलं. नुसतं ४के लिहिणाऱ्यांना प्रश्न विचारला आणि उत्तर न देणारे यादीतून काढले. इथरनेट गिगाबिट आहे का. २.५ इंची डिस्कची जागा आहे का आणि किती जाडीची. ही जागा बहुतेक ठिकाणी ७ मिलिमीटरची असते आणि ४ टीबीच्या २.५ इंची हार्ड डिस्क १५ मिलिमीटर जाड असतात, त्यामुळे एक्स्टर्नल डिस्क फोडून आत बसवू असा बेत असेल तर आधी मोजा. माझी २ टीबीची ७ मिलिमीटरची आहे, ती बसेल. ४ टीबीची बाहेर यूएसबीलाच राहणार.

बिनपंख्याचीही मशीनं आहेत, मेलेची क्वाएटर मालिका त्यासाठीच आहे. आवाज अजिबात नको असेल तर ती बघावीत. माझ्या बजेटमध्ये पंख्याचंच बसत होतं.

१५ ऑगस्ट, गुरुवार

काल संध्याकाळी मशीन आलं. आज सुट्टी, म्हणून सकाळपासून हेच. आधी पेन ड्राइव्हवरून लिब्रेइलेक चालवून नाणेघाट, आयफोन, ब्लू-रे तिन्ही तपासले आणि मगच आतलं विंडोज पुसलं. परत करायची वेळ आली तर मूळ सिस्टिम जागेवर असलेली बरी.

लिब्रेइलेक १२ घेतलं, त्यात कोडी २१ येतं. डाउनलोडच्या पानावर इंटेल-एएमडी पीसीसाठी दोन इमेज असतात, जेनेरिक आणि जेनेरिक-लेगसी. एचडीआर हवं तर साधी जेनेरिक घ्यायची. लेगसी घेतली तर बाकी सगळं चालतं, फक्त एचडीआर येत नाही, आणि कारण शोधताना माणूस टीव्हीवर आणि केबलवर संशय घेत बसतो.

आयफोनचा व्हिडिओ लावल्यावर टीव्हीच्या कोपऱ्यात एचडीआरची खूण येईना. हे टीव्हीच्या बाजूचं निघालं. प्रत्येक एचडीएमआय पोर्टला जादा बँडविड्थची सेटिंग वेगळी चालू करावी लागते. सोनीत ती एचडीएमआय सिग्नल फॉरमॅटखाली एन्हान्स्ड नावाने असते, सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस, एलजीत अल्ट्रा एचडी डीप कलर. चालू केली, खूण आली, पुतणीच्या फ्रॉकचा केशरी रंग जागेवर आला.

त्यानंतर कोडीची मांडणी. सेटिंगची पातळी एक्स्पर्टवर नेली. मेनू १०८०पी ६० वर ठेवला, आणि व्हाइटलिस्टमध्ये (टीव्हीला पाठवायला चालतील अशा आकड्यांच्या यादीत) १०८०पी आणि ४केचे २३.९७६, २४, २५, २९.९७, ३०, ५०, ५९.९४, ६० हे सगळे टिक केले. ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेटला ऑन स्टार्ट/स्टॉप. आता सिनेमा लावला की टीव्ही स्वतः २३.९७६ वर जातो आणि सावकाश सरकणारी दृश्यं गचके न खाता सरकतात. टीव्ही क्षणभर काळा होतो, तो बदल होतानाचा. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

१७ ऑगस्ट, शनिवार

मशीन त्याच्या कायमच्या जागी, म्हणजे कोपऱ्यातल्या रॅकमध्ये जुन्या ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणाऱ्या) रिसीव्हरशेजारी ठेवलं. तिथून टीव्हीपर्यंत भिंतीतल्या पाइपातून १० मीटरची एचडीएमआय केबल गेलेली आहे, घराचं काम काढलं तेव्हाची.

सिनेमे उत्तम. पुतणी उत्तम. नाणेघाट लावला की स्क्रीन काळी, दोन सेकंदांनी चित्र, पुन्हा काळी, मग "सिग्नल नाही". टेबलावर दीड मीटरच्या केबलने हेच मशीन सकाळी नीट चालत होतं, त्यामुळे संशय सरळ केबलवर गेला. ४के २४ फ्रेमला जेवढी बँडविड्थ लागते तेवढी जुनी हाय स्पीड केबल देते. ४के ६० ला १८ जीबीपीएसपर्यंतची केबल लागते आणि १० मीटर तांब्याच्या केबलवर ते कठीण. सिनेमे चालतात आणि ६० फ्रेमचं काहीच चालत नाही, अशी तक्रार असेल तर मशीन परत करण्याआधी आखूड केबलने तपासा.

ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय केबल हा उपाय आहे, किंमत तीन हजारांच्या घरात, आणि ती पाइपातून ओढताना वाकून तुटायची भीती. त्याऐवजी जागाच बदलली. मशीन टीव्हीखालच्या फळीवर, दीड मीटरच्या प्रीमियम हाय स्पीड केबलने थेट टीव्हीला, ४५० रुपये. भिंतीतली जुनी केबल टीव्हीच्या एआरसी पोर्टमधून (टीव्हीकडून आवाज उलटा बाहेर देणारा एचडीएमआय पोर्ट) रिसीव्हरला आवाज न्यायला वापरली. आवाजाला लागतं ते तिच्या आवाक्यातलं आहे. शिवाय रिसीव्हर जुना, त्याच्यातून ४के ६० पुढे गेलंच नसतं. तोही प्रश्न मिटला.

१८ ऑगस्ट, रविवार

आज फक्त आवाज, आणि पूर्ण दिवस गेला.

एआरसीवरून डॉल्बी डिजिटल ५.१ जातं, पण साधा, न दाबलेला पीसीएम आवाज फक्त दोन चॅनलचा. ट्रूएचडीसारखा लॉसलेस आवाज जात नाही, त्याला एआरसीची पुढची आवृत्ती, ईएआरसी, लागते. माझा टीव्ही डीटीएसही पुढे पाठवत नाही. पासथ्रू (आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं) चालू करून डीटीएस सिनेमा लावला तर चित्र आहे आणि खोलीत शांतता. पासथ्रू बंद केला तर आवाज आला, पण दोनच स्पीकरमधून.

तोडगा कोडीतच आहे. पासथ्रू चालू, त्यात फक्त डॉल्बी डिजिटल टिक केलेलं, डीटीएस आणि ट्रूएचडी काढलेले, आणि खाली डॉल्बी डिजिटल ट्रान्सकोडिंग चालू. म्हणजे डीटीएस असो की ट्रूएचडी, कोडी तो उलगडतो आणि डॉल्बी डिजिटल ५.१ करून पाठवतो. यात अट अशी, की वरचं 'नंबर ऑफ चॅनल्स' २.० वरच हवं. ५.१ स्पीकर आहेत म्हणून साहजिकच तिथे ५.१ निवडलं जातं, आणि मग ट्रान्सकोडिंग गुपचूप होत नाही. २.० केल्याबरोबर मागचे दोन्ही स्पीकर बोलायला लागले.

'कीप ऑडिओ डिव्हाइस अलाइव्ह'ला ऑलवेज दिलं. नाहीतर पॉज काढल्यावर संवादाचा पहिला शब्द गिळला जात होता.

२४ ऑगस्ट, शनिवार

यूएसबी डोंगलवाला रिमोट ८५० रुपयांना घेतला. बाबांना दिला आणि पाच मिनिटांत परत आला: "हा ऐकत नाही." खरंच ऐकत नव्हता. एकदा दाबलं तर काही नाही, पुन्हा दाबलं तर दोन घरं पुढे. सेल बदलून झाले. माझ्या हातात मात्र पेन ड्राइव्हवरचा सिनेमा लावला तेव्हा तोच रिमोट सुरळीत.

फरक हार्ड डिस्कचा होता. ४ टीबीची डिस्क यूएसबी ३.० ला, आणि तिच्या खेटून डोंगल. यूएसबी ३.० च्या केबल आणि पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहून ठेवलंय. डोंगलही त्याच पट्ट्यात बोलतो. १२० रुपयांची यूएसबी एक्स्टेन्शन केबल आणली, डोंगल फळीच्या पुढच्या कडेला चिकटवला. बाबांनी सोफ्यावर बसून दहा-बारा वेळा वर-खाली करून बघितलं आणि रिमोट स्वतःजवळ ठेवून घेतला.

याच भागातली दुसरी गोष्ट: मशीन आधी चालू झालं आणि टीव्ही नंतर, तर मशीनला टीव्ही दिसतच नाही आणि ४केचे पर्याय गायब होतात. लिब्रेइलेकमध्ये यासाठी गेटईडीआयडी नावाची स्क्रिप्ट आहे. टीव्ही चालू असताना एसएसएचने (नेटवर्कवरून, दुसऱ्या संगणकावरून) आत जाऊन ती 'क्रिएट' देऊन एकदा चालवली, की टीव्हीची ओळख मशीनमध्ये साठते. रीस्टार्ट केलं, आता कुठलंही आधी चालू करा.

१ सप्टेंबर, रविवार

गणपतीला मामा-मावश्या येणार, म्हणून लग्नांच्या सीडी हाती घेतल्या.

व्हीसीडीत एमपेगएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये एव्हीसेक०१ अशा नावाची डॅट फाइल असते. कोडीने ती उघडली, पण पुढे-मागे करता येईना. एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने व्हिडिओ पुन्हा एन्कोड न करता नुसता एमपेगच्या नव्या वेष्टनात ओतून घेतला. एका सीडीला मिनिटभर. दोन सीडींच्या कडेचा थर उडाला आहे, त्यांचा शेवट वाचता आला नाही. आईच्या धाकट्या बहिणीच्या लग्नातली पंगत त्यातच होती. ज्यांच्या घरी अशा सीडी आहेत त्यांनी मशीन घेण्याची वाट न बघता या आठवड्यातच त्या कॉपी करून ठेवाव्यात.

डीव्हीडी ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड, म्हणजे प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत. अक्षता टाकणारे हात हलले की हातांच्या कडांना दात्र्या दिसायच्या. व्हिडिओ चालू असताना कोडीच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये डीइंटरलेसची पद्धत बदलता येते. तिथे व्हीएएपीआय मोशन कॉम्पेन्सेटेड निवडलं आणि सगळ्या व्हिडिओंसाठी तेच ठरवून टाकलं. टीव्ही आता ५० हर्ट्झवर जातो, दात्र्या गेल्या आणि हालचाल जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर दिसायची तशी सलग झाली. ५५ इंचावर चित्र मऊच दिसणार, पण चेहरे ओळखू येतात.

ट्रेकच्या व्हिडिओंना मी गडांची आणि वाटांची नावं देवनागरी सबटायटलमध्ये घातली आहेत. ती चौकोन होऊन आली. नोटो सान्स देवनागरी फॉण्ट कोडीच्या मीडियातल्या फॉण्ट्स फोल्डरमध्ये टाकला, सबटायटल सेटिंगमध्ये निवडला. "हरिश्चंद्रगड, नळीची वाट" जोडाक्षरासकट नीट उमटलं. सबटायटलची एसआरटी फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवलेली हवी.

९ सप्टेंबर, सोमवार

पाहुणे भरपूर, मशीन सकाळपासून चालू. दुपारी वीज गेली. परत आल्यावर टीव्ही उठला, मशीन नाही. मागे हात घालून बटण दाबावं लागलं. रात्री बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) 'स्टेट आफ्टर जी३' हा पर्याय शोधून एस० केला. आता वीज आली की मशीन आपोआप सुरू होतं. काही बायॉसमध्ये याचंच नाव 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' असतं.

आतली डिस्क तपासली, ठीक आहे. बाहेरची डिस्क मात्र एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली होती आणि तिच्यावरचा एक फोल्डर उघडेना. विंडोज लॅपटॉपवर दुरुस्त झाला. वीज जाणाऱ्या गावात डिस्क ईएक्सटी४ (लिनक्सची फॉरमॅट पद्धत) केलेली बरी, ती जर्नल, म्हणजे बदलांची आधी नोंद, ठेवते म्हणून सावरते. रिकामी करून फॉरमॅट करायला दिवाळीची सुट्टी ठेवली आहे.

१५ सप्टेंबर, रविवार

शेवटची तक्रार पंख्याची. शांत दृश्यात बारीक शिट्टी ऐकू यायची. बायॉसमध्ये प्रोसेसरची दीर्घकाळची पॉवर मर्यादा २० वॅट ठेवलेली निघाली. डीकोडिंग वेगळ्या सर्किटवर होतं, प्रोसेसरला त्यात फार काम नसतं, म्हणून ती १० वॅट केली. नाणेघाट पुन्हा लावला, एकही फ्रेम गळली नाही. पंखा फिरतो, पण सोफ्यापर्यंत ऐकू येत नाही. मेनू ब्राउझ करायला किंचित हळू झालाय, आईबाबांच्या लक्षातही आलं नाही.

प्लगच्या मीटरवर मेनूत ८ वॅट, ४के चालताना १२ च्या आसपास. दिवसाला पाच तास चाललं तरी महिन्याला दोन युनिटच्या आत. सातव्या पिढीचं जुनं मशीन याहून थोडंसंच जास्त खायचं, तेव्हा वीजबिलासाठी म्हणून नवीन घेऊ नका.

एकूण खर्च: मशीन १४,८००, रिमोट ८५०, एचडीएमआय केबल ४५०, एक्स्टेन्शन १२०. मिळून १६,२२० रुपये.

राहिलेलं काम: ४ टीबीची डिस्क ईएक्सटी४ करणं, आणि मावशीच्या लग्नाची दुसरी प्रत तिच्या सासरी आहे का ते विचारणं.